साहेबांच्या आकाराचं भोक

पार्किंगसाठी खणलेल्या खड्ड्यात दीड हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी पुलाचे खांब निघाले. त्या कामावर ज्या दोघी नेमल्या गेल्या, त्या निघाल्या नणंद-भावजय. पुरातत्त्व खात्याच्या मते हा योगायोग, घरच्यांच्या मते भोग.

भावजय लेझर स्कॅनर चालवायची, नणंद लाकूड जगवायची. भावजयीला लाकूड कोरडं हवं, कारण ओल्या, चकाकत्या लाकडावर लेझर फसतो आणि भलतीच मापं आणतो. नणंदेला ते ओलंच हवं, कारण इतकी शतकं चिखलात भिजलेलं लाकूड वारा लागला की तडकतं. सकाळपासून एकीनं पुसायचं आणि दुसरीनं फवारायचं, असा संसार चालला होता.

प्रश्न मधल्या सांध्याचा होता. त्यावर सुतारांच्या हत्याराचे घाव जसेच्या तसे शाबूत होते. फोटोत घाव दिसत, पण त्यांची खोली मोजता येत नसे. आणि त्या खोलीवरूनच हत्यार कोणतं ते ठरणार होतं. बारा वाजता क्रेन खांब उचलणार, आणि उचलताना सांध्याचा भुगा होणार, हे नणंदेनं लेखी दिलं होतं.

"वहिनी, बास. चिरा पडायला लागल्यात."

"वन्सं, बारा मिनिटं द्या हो. लग्नात अंतरपाटाआडसुद्धा एवढं ताटकळवलं नव्हतंत."

"तेव्हा दादा सुकत नव्हता."

पण तिनं फवारा खाली ठेवला. स्कॅनर गोल फिरून चहूकडचं टिपतो, म्हणून सगळे ताडपत्रीमागे जाऊन दडले. बारा मिनिटांनी भावजय बाहेर आली, तर सांध्यासमोर खात्याचे साहेब कमरेवर हात ठेवून उभे. बरोबरचा शिपाई वर, काठावरून त्यांचा फोटो काढत होता.

"साहेब, तुम्ही कधी आलात?"

"झाली दहा मिनिटं. पण काळजी नको, अजिबात हललो नाही! या मशीनसमोर हलायचं नसतं, एवढं कळतं मला."

हलले असते तर परवडलं असतं. चालत्या माणसाचे तुरळक ठिपके उमटतात, ते पुसता येतात. साहेब मात्र पुतळ्यासारखे उभे राहिले होते, त्यामुळे बुटांच्या नाड्यांसकट अगदी नेटके उमटले, आणि त्यांच्यामागचा सांधा साफ गडप झाला.

"वन्सं, अजून बारा मिनिटं—"

"नाही!" नणंदेनं फवारा सुरूही केला होता. सांध्यावर बोटभर चीर धावली होती. पुन्हा सुकायला चाळीस मिनिटं लागणार होती, आणि बाराला वीस कमी होती. क्रेनवाल्याला साहेब स्वतः म्हणाले, "वेळ म्हणजे वेळ." बाराच्या ठोक्याला खांब उचलला गेला. सांध्याचा खाली सडा पडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात भावजयीनं साहेबांना स्क्रीनवरून पुसलं, तेव्हा पुलात त्यांच्याच आकाराचं भोक उरलं, पोटासकट.

"बुजवून टाका की," साहेब म्हणाले. "त्याला बटण असतं म्हणे."

बटण होतं. तिनं ते दाबलं. साबणाच्या नव्या वडीसारखा गुळगुळीत पृष्ठभाग तयार झाला. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"वा! काय सफाई आहे बघा. एक घाव दिसत नाही. काय हात असतील त्या सुतारांचे! अहवालात हे पहिल्या पानावर घ्या."

नणंद खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे खांदे हलत होते. हसण्यानं की रडण्यानं, ते भावजयीला कळेना. आपल्याला काय येतंय, तेही कळेना. तिनं बुजवलेलं पुन्हा उघडलं आणि भोकाला लाल रंग दिला.

"हे काय?"

"इथं तुम्ही होतात, साहेब. त्यामुळे इथं काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. अहवालात तसंच लिहिते."

साहेबांनी त्या लाल आकारातल्या पोटावर बोट ठेवलं.

"मी जरा बारीक असतो तर?"

"तर जरा कळलं असतं."

"हं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "हा लाल थोडा फिका करता येईल का?"

"येईल," ती म्हणाली, आणि फाइल होती तशीच छापायला पाठवली.