अडीच मेणबत्त्या

केकला मधोमध चीर गेली होती. लांबी चार बोटं, खोली नखाएवढी. नाचणीच्या पिठाचा केक कुकरमध्ये भाजला की असं होतं. नेत्राने तीनदा करून पाहिला होता आणि तिन्ही वेळा चीर त्याच जागी पडली होती. तिने वर साय पसरली, दहा मेणबत्त्या खोचल्या. चीर झाकली गेली.

टीव्हीखालच्या खणातला कागद मात्र असा झाकता येत नव्हता. ठाण्याला बदली मागणारा तिचा अर्ज तिथे सहीविना पडून होता. नेत्रा जव्हारच्या सरकारी दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासायची. नवरा सुशील ठाण्यात बँकेत. शनिवारी एसटीने यायचा, सोमवारी सकाळी परत. जव्हारच्या शाखेत यायला कुणी तयार होत नाही, साहेब हात जोडतात, असं हसत सांगायचा. अर्जाचं तीन वर्षं ‘बघू’ चाललं होतं. उद्या सोमवारी तो अर्ज सोबत नेणार होता, कारण शेवटची तारीख तीच होती.

त्यांच्या लेकीला, शर्वरीला, हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं. म्हणूनच की काय, यंदा दहाव्या वाढदिवसाला तिचा एकच हट्ट होता : मैत्रिणी राहायलाच आल्या पाहिजेत. वसतिगृहात राहून तिच्या वर्गात शिकणाऱ्या तिघी सुट्टीसाठी आपापल्या पाड्यावर गेल्या होत्या. पोशेऱ्याची रुपी, साखरशेतची लाडकी आणि सूर्यमाळची माघी दुपारी जीपमधून उतरल्या, त्या नवे फ्रॉक घालून, केसांना चापूनचोपून तेल लावून. लाडकीने केकसाठी म्हणून पाच गावठी अंडी आणली होती. केक तयार आहे हे कळल्यावर ती म्हणाली, मग दुसरा करा.

संध्याकाळी मेणबत्त्या पेटल्या, गाणं सुरू झालं, आणि शर्वरीने सुरी उचलताच आणखी तीन हात सुरीवर येऊन बसले. सुशीलला वाटलं, पोरी थट्टा करतायत. पण तिघींची तोंडं गंभीर होती.

“मावशी, आमचा पन आजच हाय ना,” माघी म्हणाली. “एक जून. गुरुजींनी लिवलाय.”

नेत्राच्या लक्षात आलं. पाड्यावर जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नाही; शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांची एक जून टाकतात. दवाखान्यातल्या कागदांवर ती तारीख तिने शेकडो वेळा पाहिली होती. त्या तारखेला कुणी नवा फ्रॉक घालून येईल, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

शर्वरी फुरंगटली. माझा तर खरा आहे, म्हणाली. नेत्राने मेणबत्त्या विझवल्या, केकचे चार समान भाग केले, दहाला चाराने भागलं आणि दोन मेणबत्त्या मधोमध मोडल्या. प्रत्येकीला अडीच. गाणं चार वेळा म्हटलं गेलं. चौथ्या खेपेला सुशीलचा आवाज बसला, तेव्हा पोरी हसून हसून लोळल्या आणि शर्वरीचा फुगलेला गालही खाली आला.

जेवताना शर्वरीने विचारलं, मग तुमचे खरे वाढदिवस कधी? रुपीचा नाचणीच्या लावणीत, आई चिखलातून घरी आली तेव्हाचा. लाडकीचा भात झोडताना, खळ्यावरच. माघीने नुसते खांदे उडवले. नावातच होतं की. मग शर्वरीने त्या त्या वेळी एकेकीच्या पाड्यावर राहायला जायचं, असं ठरलं.

“उन्हाळ्यात नको येवू हां,” माघीने बजावलं. “पानी नसतं. माघात हिरीला पानी असतं, आंघोळ पन मिळंल.”

शर्वरी स्केचपेन घेऊन कॅलेंडरपाशी गेली. लिहिण्याआधी तिने आईकडे पाहिलं. नेत्रा ताटं उचलत राहिली.

चौघी एका ओळीत गाद्यांवर कधी झोपल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

सकाळी लाडकीच्या अंड्यांची पोळी तव्यावर घालताना नेत्राची नजर कॅलेंडरवर गेली. जुलैत रुपी, नोव्हेंबरात लाडकी. माघ पुढच्या वर्षात जात होता, म्हणून माघीचं नाव डिसेंबरखालच्या कोऱ्या पट्टीत. तिन्ही नावांपुढे एकेक प्रश्नचिन्ह होतं, शेवटचं सगळ्यात मोठं.

सुशील बूट चढवत होता. खण उघडून त्याने अर्ज काढला, पेन पुढे केलं. पोरी खाता खाता थांबल्या.

नेत्राने पेन घेतलं. कॅलेंडरपाशी जाऊन तिन्ही प्रश्नचिन्हं नीट, एकेका आडव्या रेघेने खोडली.

“अहो, मी अर्ज करत नाही,” ती म्हणाली. “बदली तुम्ही मागा. जव्हारला.”