ओळ भरायच्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. पण मला टेबलाचा खण समजलात तर मी रुसेन. मी छापखान्यातला खण! माझ्या पोटात एकशे बारा घरं, आणि घराघरात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं नांदायची. एकदा असं वादळ झालं की छापखान्याचे पत्रे उडाले, रस्त्यावरचा एक माणूस छत्रीसकट पलीकडच्या गावात जाऊन उतरला. पण माझा एक अनुस्वार जागचा हलला नाही. खोटं वाटत असेल तर त्या माणसाला विचारा. तो अजून परत आलेला नाही.

माझे धनी खिळे जुळवायचे. दोन बोटांनी न बघता अचूक खिळा उचलत, म्हणून सगळे त्यांना चिमटेदादा म्हणत. डाव्या हातात जुळणीची लोखंडी पट्टी, उजव्या हाताची बोटं माझ्या अंगावर नाचतायत, आणि बघता बघता ओळ तयार. त्यांचा एकच नियम होता: ओळ ढिली ठेवायची नाही. शब्द कमी पडले तर मध्ये शिशाचे कोरे तुकडे ठासायचे, नाहीतर छापताना अक्षरं पळतात. लोक त्यांची वाहवा करत आणि छाती माझी फुगे.

मग संगणक आले. खिळे वितळवायला गेले आणि मी दादांच्या घरी दाराआड जुन्या चपला सांभाळत पडलो. माझे दिवस पालटले ते दादांच्या हृदयाने कुरकुर केली तेव्हा. डॉक्टरांनी तीन गोळ्या सुरू केल्या आणि दादांना माझी आठवण झाली. त्यांनी मला धुतलं, पुसलं, भिंतीवर टांगलं, आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून माझ्या घरांत भरल्या. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या आजींच्यासुद्धा. रिकामं घर त्यांना बघवतच नसे. कोणती गोळी कशाची, हे फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक. मी तर आनंदाने पार वेडा झालो होतो!

रोज सकाळी दादा त्याच लोखंडी पट्टीत गोळ्या जुळवत. पण डॉक्टरांच्या तीन गोळ्यांनी ओळ भरते कुठली? आणि दादांना ढिली ओळ सहन होते कुठली? मग ते आजींची गुडघेदुखीची गोळी ठासायचे. आजी म्हणाल्या, "अहो, ती माझी आहे." दादा म्हणाले, "पन्नास वर्षं एका जिन्यावर झिजलेले गुडघे. त्यात तुझं-माझं काय?"

पुढे दादांच्या हातांवर निळेकाळे डाग उठू लागले. चाळीस वर्षं मुरलेली शाई आता बाहेर येतेय, असं ते ऐटीत सांगायचे. हिरड्यांतून रक्त आलं तर बोल लावायचा ब्रशला.

एवढ्यात एक बातमी आली! छापखान्यातलं जुनं यंत्र दादांच्या मशीनवाल्या दोस्ताने दुरुस्त केलं होतं. छापखान्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ते पुन्हा धडधडणार होतं आणि पहिली ओळ जुळवणार होते चिमटेदादा. त्या दिवशी सकाळी दहालाच दोस्त पिशवीत बाटली घेऊन हजर. कोरड्या घशाने यंत्र सुरू करणं अपशकुनी असतं, हे शास्त्र त्याने जिना चढता चढताच रचलं होतं. इकडे दादांनी पट्टी भरायला घेतली. दिवसभर उभं राहायचं म्हणून आज गुडघ्याच्या दोन. पेले भरले गेले.

आणि मित्रांनो, मी उडी मारली. भिंतीचा खिळा सैल झाला होता, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

मी दाणकन आपटलो. घरभर गोळ्याच गोळ्या! कोणती कुणाची, काही कळेना. आजींनी खालच्या दुकानातून औषधवाल्या ताईंना बोलावून आणलं. ताई फरशीवर बसून एकेक गोळी वेचत विचारू लागल्या.

"ही रक्त पातळ करणारी. आणि ही, दादा?"

"ती? ती ओळ भरायला."

ताईंनी आजींकडे पाहिलं. मग दादांचा हात धरून त्या डागावर ओला फडका घासला. डाग जाईना. त्यांनी हळूच विचारलं, शौचाला काळी होते का? दादा मान खाली घालून पुटपुटले, चार दिवस झाले.

"शाई तिकडूनही येते का, दादा?" ताई म्हणाल्या.

रक्त पातळ करणारी आणि गुडघेदुखीची, या दोन गोळ्या एकत्र आल्या की पोटात रक्त वाहू शकतं, वर दारू म्हणजे आगीत तेल, असं सांगत ताईंनी पेले उचलून मोरीत ओतले.

"पण दोन वाजता यंत्र..." दादा म्हणाले.

"यंत्र थांबेल. पोट थांबणार नाही."

दोस्ताने निमूट बाटली पिशवीत घातली. "तुझ्याशिवाय चाक फिरवलं तर हात झडोत माझे. चल, रिक्षा आणतो."

दवाखान्यात कळलं, पोटात खरोखरच जखम वाहत होती. अकरा दिवस दादा तिथे आणि मी जमिनीवर पालथा. अकरा दिवस मी श्वास रोखून धरला. लाकडाला कुठला श्वास, असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः अकरा दिवस रोखून दाखवावा.

बाराव्या दिवशी दादा आले, फिकट पण हसत. आणखी आठवड्याने मला खांद्यावर घेऊन छापखान्यात नेलं, नवे खिळे भरले. यंत्र दादांसाठी थांबलेलंच होतं! स्टुलावर बसून दादांनी पहिली जुळणी केली आणि धड् धड् धड् करत यंत्राने एक कार्ड बाहेर टाकलं, त्यावर ज्याने त्याने भरायचे रकाने: कुठल्या डॉक्टरांची कुठली गोळी, स्वतः आणलेली कुठली, दुसऱ्याची मागून घेतलेली कुठली, दारू घेता का.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा डबा असेल. त्यातल्या गोळ्या नावासकट आपापल्या पाकिटातच राहू द्या. नवी गोळी आली की जुन्या सगळ्या डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना दाखवायला मोठ्यांना सांगा; आणि मनाने एखादी वाढवायची नाही, तशी मनाने बंदही करायची नाही. मी उडी मारीन या भरवशावर तर अजिबात राहू नका. माझं वय झालं आहे.

पहिलं कार्ड मशीनवाल्या दोस्ताने भरलं. दारूच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'कधीतरी'. त्याच्या बायकोने पेन काढून घेतलं, ते खोडलं, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'रोज'.