नावं न छापलेल्या कविता

इनाक रुकिया पडवीत मागावर बसली होती आणि तिची धाकटी, पंधरा वर्षांची सुहैनी, तिला पुस्तक वाचून दाखवत होती. पुस्तक कसलं, पातळसं चोपडंच ते. शाळेच्या हेर्नाबाईंनी वाडीतल्या बायकांना बोलतं केलं, लिहिता न येणाऱ्यांचं स्वतः उतरवून घेतलं आणि चार-चार ओळींच्या त्या कविता छापून आणल्या. खाली नावं नाहीत. नावं घातली असती तर किती घरांत भांडी आपटली असती, अल्ला जाणे! पुरुषांनी मात्र पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"इनाक, ही ऐक. पान एकोणीस."

*लग्नाचं कापड मीच विणलं.*
*वर्षभरात तेच जनाज्यावर घातलं.*
*आत लेक, लेकीच्या कुशीत लेकरू,*
*दोघांना मिळून एकच पुरलं.*

सुहैनीनं आईकडे पाहिलं. कुणाची, हे तिनं विचारलं नाही.

"पुढची वाच," आई म्हणाली आणि धागा ठोकून बसवला.

इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर आईबापांना पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, इनाक म्हणजे आई, आमाक म्हणजे बाप. थोरली रुकिया सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली, हाक तेवढी राहिली, दिवसातून वीस वेळा. सुरुवातीला इनाक रुकिया दचकायची. आता काहीच होत नव्हतं. रडू नाही, राग नाही. विणायची, जेवायची, झोपायची. जिवंत होती, म्हणून जगत होती.

बुधवारी सुहैनी त्याच कविता वाचायला शहराच्या वाचनालयात गेली. परतताना वर्गातल्या हमदीची गाडी पंक्चर झाली आणि दोघं ती ढकलत आली, तोवर मगरिबची नमाज होऊन गेली होती. झालं! दिवेलागणीनंतर मुलगी मुलाबरोबर दिसली की त्यानं तिला पळवून नेली असं धरतात आणि लग्न लावून मोकळे होतात. लग्नाविना घरी ठेवली तर घराण्याला बट्टा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाडीप्रमुख आमाक सहनेप हमदीच्या काकाला घेऊन आले. प्रमुखांची बायको रिवाजाप्रमाणे मदतीला स्वयंपाकघरात शिरली.

"पोरं भली आहेत हो दोन्ही," प्रमुख म्हणाले. "गाडी पंक्चर झाली असेल, कोण नाही म्हणतंय? पण रीत काय पंक्चर बघते?"

"खरंय," सुहैनीचा बाप मान खाली घालून म्हणाला. "अशी घरात राहिलेली पोर पुढे कोण करणार? नाक कापलं जाईल आपलं."

"म्हणूनच म्हणतो, ताणू नका. रुकियाच्या वेळी कसं, तासाभरात मिटलं की नाही?"

इनाक रुकिया कॉफीचे पेले ठेवत होती. "मिटलं खरं," ती म्हणाली आणि पुरुषांच्या चटईवरच बसली. "सुहैनी, पुस्तक आण. एकोणीस वाच."

सुहैनीनं वाचलं. चारही ओळी वाचल्या.

"ती माझी आहे," आई म्हणाली. "ही पोरगी मी देत नाही."

"आत हो!" नवरा ओरडला.

"नाही होत." तिचा आवाज चढला नाही. मीठ संपलंय असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

प्रमुख हसले. "अहो, बायकांच्या गाण्यांवर वाडी चालते का? कुणी दुःखात काहीबाही बोललं, मास्तरणीनं छापलं. वाचायचं आणि सोडून द्यायचं."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको म्हणाली, "पोरी, सातवं पान वाच."

*तेराव्या वर्षी मला पळवून नेलं,*
*ओच्यात खेळायचे पाच खडे होते.*
*वाटेत त्यानं विचारलं, काय गं वाजतंय?*
*मी म्हटलं, माझा डाव अर्धा राहिलाय.*

कुणाची, हे प्रमुखांना विचारावं लागलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी तो प्रश्न त्यांनीच विचारला होता. बायको दारातच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कॉफीकडे पाहिलं, ती न पिताच उठले.

"पोरीला शाळेला उशीर होत असेल," एवढंच बोलून ते वहाणा शोधू लागले. काका गोंधळून त्यांच्यामागे निघाला.

लग्न टळलं. पाणवठ्यावर 'परत आलेली' म्हणून सुहैनीला टोमणे बसतात. बाप महिनाभर बायकोशी बोलला नाही. इनाक रुकियाला म्हणाल तर आनंद झाला नाही. त्या दिवशी मात्र मागावर तिला धागा धरता येईना. कितीतरी दिवसांनी तिला भीती वाटली होती.

वाचकहो, त्या पुस्तकात चाळीस पानं आहेत, पानापानावर एक बाई. दोघींनी आपापलं पान मागून घेतलं. उरलेल्या अडतीस बायका तुमच्याआमच्यासमोर रोज कॉफीचे पेले ठेवतात आणि आपण ते उचलून पितो.