कोपऱ्यातले शून्य

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. 'जुना' हा शब्द ऐकून लगेच हळहळायला लागू नका. मी जुना आहे, निकामी नाही. रोज सकाळी आठ वाजता माझ्या अंगावरून खडू चालायला लागतो आणि दुपारपर्यंत निदान दोन मुले माझ्यामुळे थोडी शहाणी होतात. या वयात आणखी काय हवे?

चार रुंद फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले. काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि एका शाळेत चौथीच्या वर्गात ठोकले. तिथे मी तीस वर्षे होतो. त्या वर्गात माझा काय रुबाब होता! "फळ्यावर लिहिलंय ना? मग तसंच उतरवा," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत असे. मुले थापा मारत, भिंतीवरचे घड्याळ मागे पडे. पण माझ्या अंगावर जे उमटे त्यावर कोणी कधी शंका घेतली नाही. साहजिकच मी थोडा शेफारलो. जे माझ्यावर आहे तेच खरे, असे मला मनापासून वाटू लागले.

एका वर्षी वर्गावर नव्या बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलेली तारखेची ओळ उतरत उतरत माझ्या तळाशी गेली. मागच्या बाकावर खसखस पिकली. त्यांनी ओळ पुसली, पदर खोचला आणि पुन्हा लिहिली. पुढे त्याच शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांच्या पहिल्या ओळीला आधार मीच दिला होता, हे मी कधी बोलून दाखवले नाही. आज बोललो.

मग वर्गात चकचकीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. मोडके बाक, फाटकी चटई आणि मी. दोन वर्षे कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. वाईट वाटले का? वाटले. पण मी अजून एकदाही तडकलो नव्हतो, त्यामुळे कोणी ना कोणी येईल याची मला खात्री होती.

आले ते मुख्याध्यापिकांचे धाकटे भाऊ. ते सुतार आहेत. "लाकूड चांगलं आहे, घेऊन जा," बाईंनी त्यांना सांगितले. "तुझ्या खुराड्याला छप्पर होईल."

मित्रांनो, तीस वर्षे विद्यादान करून शेवटी कोंबड्यांचे छप्पर! घरामागच्या अंगणात त्यांनी मला दोन स्टुलांवर आडवे टाकले आणि करवत लावली. दोन बोटे चीर गेली असेल-नसेल, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अहो, थांबा! फळा आहे तो. फळे कापतात का कधी?"

ती त्यांची बायको. या घरातली आई. ती चीर माझ्या डाव्या कोपऱ्यात अजून आहे आणि तो आवाज मी कधी विसरणार नाही.

या घरातली दोन मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. दादा बारा वर्षांचा आणि त्याची बहीण आठ वर्षांची. तिला सगळे बारकी म्हणतात. स्वयंपाकघराला लागून असलेल्या लांबट खोलीत मला टांगले. समोरची खिडकी अंगणात उघडते. सोमवारी गणित, मंगळवारी भाषा, बुधवारी बाबांबरोबर मोजमापे आणि कोंबड्यांची साफसफाई, गुरुवारी गाण्याचा तास, शुक्रवारी राहिलेले सगळे. आई व्हायोलिन शिकवते. दादाचे व्हायोलिन सुरुवातीला असे काही वाजे की कोंबड्या दाणे सोडून कुंपणापाशी जमत. आता त्या जमत नाहीत, ही प्रगतीच म्हणायची.

कोंबड्या पाच होत्या. त्यांतली एक तपकिरी कोंबडी मान ताठ ठेवून, जणू पाठीमागे हात बांधून, अंगणभर पाहणी करत फिरे. मुलांनी तिचे नाव 'मोठ्या बाई' ठेवले होते. शाळेत त्यांच्या आत्याला, म्हणजे त्या मुख्याध्यापिकांना, सगळे याच नावाने हाक मारतात. आत्याला अर्थातच याचा पत्ता नव्हता.

बारकीचा जीव या मोठ्या बाईंवर. एका गुरुवारी ऐन गाण्याच्या तासाला अंगणातून घोगरा आवाज येऊ लागला. बारकी धावत जाऊन पाहून आली. "आई, मोठ्या बाई खुडूक झाल्यात! सात अंड्यांवर बसल्यात आणि मला चोच मारतायत!"

एकवीस दिवसांनी पिल्ले निघणार, असे बाबा म्हणाले. बारकीने माझ्या उजव्या कोपऱ्यात एक कोंबडी काढली आणि तिच्याशेजारी लिहिले: १. दुसऱ्या दिवशी ते पुसून २, मग ३. रोज सकाळी आकडा बदलायचा मान तिचा. मी तो आकडा मोठ्या ऐटीत मिरवत होतो.

आकडा अकरावर असताना ते घडले. रविवार होता. मोठ्या बाई दाणे खायला खाली उतरल्या होत्या आणि अंगणाच्या फाटकाची कडी उघडी राहिली होती. बाहेरचे कुत्रे आत शिरले. बाबा काठी घेऊन धावेपर्यंत मोठ्या बाई गेल्या होत्या; बाकीच्या चौघी तेवढ्या वाचल्या.

कडी बारकीकडूनच उघडी राहिली होती. तिला कोणी रागावले नाही. त्याची गरजही नव्हती. ती न रडता खुराड्यात वाकली, सातही कोमट अंडी फ्रॉकच्या ओच्यात घेतली आणि माझ्याखाली येऊन उभी राहिली. "बाबा, ही गार पडायच्या आत काहीतरी करा."

बाबांनी तासाभरात लाकडी पेटी ठोकली. समोर काच, आत दिवा, पाण्याची वाटी, एक तापमापक. पेटी माझ्याच खालच्या बाकावर ठेवली. आईने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला गोल. कोंबडी जशी अंडी फिरवते तशी ती दिवसातून तीनदा फिरवायची. सकाळच्या तासानंतर फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळचा रियाझ झाला की पुन्हा फुली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोलापासून सुरुवात. शेवटचे तीन दिवस मात्र हात लावायचा नाही. बारकीने एक पाळी चुकवली नाही. रोज आकडा लिहिताना ती खडू इतका दाबत असे की मला खरवडल्यासारखे होई. मी सोसले. तिला त्या आकड्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

शेवटच्या आठवड्यात सुट्टी म्हणून आत्या राहायला आली. आली ती रविवारी, आणि सोमवारच्या गणिताला खुर्ची टाकून पाठीमागे बसली. तपासणीला यावे तशी. "घरात बसून कुठे शाळा होते का?" हे तिचे जुने पालुपद. मला पाहून मात्र ती क्षणभर थबकली. "हा तो आपला फळा का रे?"

"तोच. छप्पर व्हायचा राहिला, अक्का," बाबा म्हणाले.

मंगळवारी 'माझा आवडता पक्षी' हा निबंध होता. दादाने गरुडावर दोन पाने लिहिली. बारकीने तीन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. आईने ती उघडायला लावली नाही.

बुधवारी माझ्या कोपऱ्यात २१ लागला. बारकी सकाळपासून पेटीच्या काचेला नाक लावून बसली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. सातही अंडी दगडासारखी गप्प. बाबांनी बॅटरीच्या उजेडात एक धरून पाहिले. आत नुसता अंधार.

"एकवीस म्हणजे एकवीस," आत्या म्हणाली. "अरे, फळ्यावर लिहिलंय की! एखादं नासलेलं फुटलं ना, तर घरात बसवणार नाही."

बाबांनी मान हलवली. "उद्या सकाळी एक फोडून बघतो. आत काही नसेल तर बाकीची झाडाखाली पुरू."

"आणि असेल तर?" बारकीने विचारले.

बाबांनी बॅटरी विझवली. वेळेआधी अंडे फोडले तर आतले पिल्लू जगत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते.

गुरुवारी आकडा २२ झाला. बाबा बशी आणि चमचा घेऊन आले. "आधी गाण्याचा तास होऊ दे," आई म्हणाली. तेवढाच उशीर करणे तिच्या हातात होते.

दादा व्हायोलिन घेऊन उभा राहिला. त्याची खोड अशी की मधे थांबायची जागा आली की तो घाई करतो. आईने धनुकली खाली ठेवायला लावली आणि माझ्यावर चार उभ्या रेघा ओढल्या.

"या चार टाळ्या. पहिलीपासून चौथीपर्यंत किती मात्रा गेल्या? बारकी, तू सांग."

"चार," बारकी म्हणाली. तिचे लक्ष चमच्याकडे होते.

"टाळ्या मोजू नकोस. मधल्या जागा मोज."

बारकीने बोट लावून पाहिले. "तीन."

"बरोबर. पहिली टाळी म्हणजे फक्त सुरुवात. तेव्हा अजून वेळ गेलेलाच नसतो."

बारकी माझ्यासमोर तशीच उभी राहिली. मग तिने खडू उचलला. पहिल्या रेघेखाली तिने कोंबडी काढली आणि लिहिले, 'गुरुवार'. दुसऱ्या रेघेखाली गुरुवार. तिसरीखाली गुरुवार. चौथीखाली लिहिले, 'आज'. मग मधल्या तीन जागांत एकेक सात.

"आई, मोठ्या बाई बसल्या तेव्हा गाण्याचा तास चालू होता ना?"

"हो. तूच तर बघायला पळालीस."

"मग तेव्हापासून तास झालेत चार, पण आठवडे झालेत तीन!" तिचा आवाज चिरकला. "बाबा, थांबा! बावीस नाही झालेत. एकवीस आज होतायत! मी पहिल्याच दिवशी एक लिहिला. चुकले! मी चुकले!"

मित्रांनो, तीस वर्षांत माझ्यासमोर हजारो चुका सापडल्या, पण चूक सापडल्याचा असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. ती टाळ्या पिटत नाचत होती. बाबांनी चमचा खाली ठेवला. आणि मी? मी काळाच आहे म्हणून बरे, नाहीतर शरमेने काळा पडलेला सगळ्यांना दिसलो असतो. तीन आठवडे मी चुकीचा आकडा छातीवर मिरवला होता. माझ्यावर लिहिले आहे, एवढ्याच कारणाने शहाणीसुरती माणसे अंडे फोडायला निघाली होती. एकदा एका 'थांबा'ने मी वाचलो होतो. आता दुसऱ्या 'थांबा'ने ती सात वाचली होती.

पण आत काही आहे की नाही, हे अजून कोणालाच माहीत नव्हते. आत्या म्हणाली, "मी बसते इथे, मला कागद तपासायचेत." आणि पेटीशेजारी खुर्ची ओढून बसली. तासाभरात तिने एकही पान उलटले नाही. चारच्या सुमाराला ती एकदम ताडकन म्हणाली, "कोण टकटक करतंय रे? गप्प बसा!"

दादा आणि बारकी गप्पच होते.

टकटक पेटीतून येत होती. फुली वर असलेल्या एका अंड्याला बारीकसा तडा गेला होता. आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "वर्गात बोलायला माझी परवानगी आहे म्हणावं याला."

शुक्रवारच्या न्याहारीपर्यंत पाच पिल्ले बाहेर आली, दुपारी सहावे. सातवे अंडे निघाले नाही. बारकीने आणखी दोन दिवस वाट पाहिली आणि मग ते स्वतःच्या हाताने झाडाखाली पुरले. परत येताना फाटकाची कडी लावली. लावून पुन्हा ओढून पाहिली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा पोटभर रडली, आणि मला ते बरे वाटले.

"मोठ्या बाईंची सहा पिल्लं," ती रडता रडता म्हणाली.

"कुणाची?" आत्याने विचारले.

दादा व्हायोलिन उचलून लगबगीने अंगणात गेला. आईला अचानक स्वयंपाक आठवला. आत्याने खिडकीतून खुराड्याकडे पाहिले, पिल्लांकडे पाहिले आणि हसू दाबत म्हणाली, "चालण्यात साम्य असणार."

निघायच्या दिवशी आत्याने पदर खोचला, ओले फडके नीट पिळून घेतले आणि मला एका टोकापासून पुसायला घेतले. तिच्या हाताला माझी सवय अजून होती. चार रेघा गेल्या, गुरुवार गेले. उजव्या कोपऱ्यात कोंबडी होती आणि बारकीने तिच्याशेजारी १ च्या जागी नवीन आकडा लिहिला होता: ०. तिथे आत्या थांबली. "हे राहू दे," म्हणाली. "मला हे तीस वर्षांत सुचलं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगण्याचा मला हक्क आहे आणि मी तो सोडणार नाही. कापण्याआधी एकदा विचारा, हे अजून काय कामाचे आहे? मला जपायचे असेल तर घासून चकचकीत करू नका. माझ्यावर लिहा, आणि लिहिलेले पुन्हा एकदा तपासा. चुकले असेल तर बेधडक पुसा. पुसल्याने मला काही होत नाही, मी त्यासाठीच आहे. फक्त फडके घट्ट पिळून घ्या, आणि कोपऱ्यातल्या त्या शून्याला हात लावू नका. पांढरी कोंबडी कालपासून घोगरा आवाज काढते आहे. ती बसेल त्या दिवशी बारकी खडू घेऊन येईल आणि माझ्यावर काहीच लिहिणार नाही. ते आधीच लिहिलेले आहे.