पाळण्याच्या दोरीतला माझा वाटा

मी कपडे धुवायचं एक जुनं धोपटणं आहे. बाभळीच्या लाकडाचं, रुंद पाठीचं, आखूड मुठीचं. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही आणि त्यात तुमचा दोषही नाही. तुमचे कपडे यंत्र धुतं. आमच्या चाकणजवळच्या गावात मात्र पूर्वी नदीकाठी माझाच आवाज घुमायचा. ज्योतीराम सुतारांनी मला मंजुळाबाईंच्या लग्नासाठी घडवलं. माझ्या फटक्यापुढे गोधडीतला मळ टिकत नसे. ही बढाई नाही, खरं तेच सांगत आहे.

पुढे घरात वॉशिंग मशीन आलं आणि माझी जागा पाणी तापवायच्या बंबाशेजारी, सरपणात गेली. मंजुळाबाईंचा मुलगा रणजीत येता-जाता विचारायचा, "आई, हे घालू का बंबात?"

"असू दे रं. खात न्हाई, पीत न्हाई," त्या म्हणायच्या. मला वाईट वाटायचं, पण माझी पाठ अजून भक्कम होती.

रणजीतची बायको तेजस्विनी कंपनीत क्वालिटीला आहे. एकदा तिनं त्याच्यासाठी लिननचा शर्ट आणला आणि म्हणाली, "आई, हे कापड जवसाच्या काडीपासून करतात."

"जवसाची चटणी करत्यात, येडे! कापड कुठलं?"

तेजस्विनीनं मोबाइलवर सगळं दाखवलं. मंजुळाबाई बघतच राहिल्या. तेजस्विनीला तेव्हा दिवस गेले होते. तिच्या पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मग नातवंडाला जवसाचंच दुपटं घालीन. शब्द हाय माझा."

घरामागच्या तुकड्यात त्यांनी जवस दाट पेरला, म्हणजे काड्या ताठ वाढतात. निळी फुलं आली, बोंडं पिकली. धागा लांब मिळावा म्हणून विळा न लावता रोपं मुळासकट उपटली. बोंडं झोडून बी काढायला कोण? मीच!

मग काड्या भिजवायच्या होत्या. पाण्यात साल सुटते आणि सालीतला धागा मोकळा होतो. बाळंतपणाला माहेरी निघताना तेजस्विनी बजावून गेली, "आई, रोज एक काडी मोडून बघा हं."

"दोरासाठी अंबाडी भिजवण्यात जन्म गेला माझा. मला नको शिकवू."

कंपनीतून आणलेल्या निळ्या ड्रममध्ये सहा पेंढ्या भिजल्या. सातवी मावली नाही, ती बाहेर राहिली. मंजुळाबाईंनी जाड सालीच्या अंबाडीचा हिशेब धरला आणि बारा दिवस झाकण उघडलं नाही. उघडलं तेव्हा वासानं शेजारी बाहेर आले. काड्यांचा नुसता चिखल झाला होता. जवस नाजूक, त्याला पाच-सहा दिवस पुरतात. मंजुळाबाईंनी तो चिखल उकिरड्यावर ओतला. मुलगी झाल्याचा फोन आदल्याच दिवशी आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवी पेंढी भिजवली. आता मात्र सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी काडी मोडून बघत. पाचव्या दिवशी साल सुटली. काड्या वाळवून त्यांनी मला हातात घेतलं. "हळू हां," त्या मला म्हणाल्या. जन्मभर जोरात मारायला शिकलेल्या मला त्या दिवशी हळू मारायला शिकावं लागलं. भुसा झडला आणि सोनेरी धागे हाती आले. खिळ्यांच्या फणीनं ते विंचरून, चातीवर पिळून त्यांनी सूत काढलं. पण दुपट्याला ते कुठून पुरणार!

सव्वा महिन्यानं तेजस्विनी बाळाला घेऊन आली. बारशाला बायका जमल्या. कुणीतरी विचारलंच, "मंजुळाबाई, दुपटं कुठाय?"

"माझ्या शहाणपणात कुजलं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "पोरीचं ऐकलं न्हाई मी. एवढीच उरली." आणि त्यांनी पदराखालून पाळण्याची दोरी काढली. मऊ, चमकदार, जवसाची.

तेजस्विनीनं दोरी पाळण्याला बांधली आणि तिचं टोक सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, पहिला झोका तुमचा."

मित्रांनो, त्या दोरीत माझाही वाटा आहे. मला टांगायला रणजीतनं पाळण्याशेजारी खिळा ठोकला, तोही माझ्याच पाठीनं! तुमच्या घरातलं जुनं काही बंबात घालण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आणि माणूस असो की काडी, आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटलं, तरी झाकण रोज उघडून बघत जा.