थोरली गप्प का बसली

त्या वर्षी मराठी शिकवणाऱ्या आप्पासाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मॅट्रिकच्या वर्गाचं मराठी माझ्याकडे आलं. मी रसायनशास्त्राची. तसं सांगितल्यावर मुख्याध्यापिका मनकर्णाबाई म्हणाल्या, "मराठी येणारे पुष्कळ आहेत. तास रिकामे असलेल्या तुम्ही एकट्याच." उस्मानपुऱ्यातली आमची मुलींची शाळा नवी होती आणि शिक्षक मोजके.

अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती. गोदाकाठच्या देशमुखी घरात वाटण्या होतात. थोरली सून विधवा. ती कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून धाकट्या दिरापुढं ठेवते आणि एक शब्द बोलत नाही. पुढं दुष्काळ पडतो, तेव्हा हीच बाई कोठार उघडून गावाला धान्य वाटते. परीक्षेतला ठरलेला प्रश्न : थोरल्या सुनेचं स्वभावचित्र रेखाटा. गाइडातलं ठरलेलं उत्तर : त्यागमूर्ती, सोशिक, मायाळू. मुलींना ते तोंडपाठ होतं.

मी प्रयोगशाळेत शिकवते तेच इथंही शिकवलं. क्षार ओळखताना आपण आधी दिसलं ते लिहितो, रंग, वास, तळाशी बसलेला साका. अनुमान त्यानंतर. आधी नाव ठरवून मग रंग शोधत नाही. मी मुलींना पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडं थोरली काय करते, काय बोलते, कुठल्या प्रकरणात, एवढंच. उजवीकडं त्यावरून काय वाटतं ते.

"बाई, डावीकडं 'मायाळू' लिहू का?" आशानं विचारलं.

"मायाळूपणा तुला कुठं दिसला?"

"गाइडात दिसला की!"

वर्ग हसला, मीही हसले. वहिदा तेवढी खाली मान घालून लिहीत होती. शहागंजातल्या चहापत्तीवाल्या चांदपाशांची ही मुलगी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकली होती. मग वडिलांनी हट्टानं मराठी शाळेत घातली. मराठी पुस्तक ती बोट ठेवून, ओळ न ओळ वाचायची. इतर मुलींना माहीत असलेल्या गोष्टीही तिला वाचूनच कळत होत्या.

चाचणी परीक्षेच्या वेळी आप्पासाहेब जाड भिंगाचा चष्मा लावून परतले. मराठीचे पेपर त्यांनीच तपासले. वहिदा बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि मराठीत नापास. स्वभावचित्राच्या उत्तराला शून्य होतं. तिनं लिहिलं होतं, 'थोरली त्यागमूर्ती नाही. तिनं कोठाराची किल्ली दिलीच नाही.' शेजारी लाल पेन्सिलीत शेरा होता : ग्रंथाचा विपर्यास. आणि आमच्या शाळेचा नियम असा, की चाचणीत नापास झालेल्या मुलीचा मॅट्रिकचा फॉर्म अडवायचा.

दुसऱ्या दिवशी चांदपाशा आले. टोपी काढून हातात धरली आणि प्रयोगशाळेच्या दारातच उभे राहिले.

"बाई, हिसाब में फेल हुई होती तो मैं कुछ नै बोलता," ते म्हणाले. मग नीट मराठीत, "पण मराठीत नापास झाली, तर आमचे लोक काय म्हणतील? बोले थे ना, मराठी अपने बस की नै. माझ्या धाकट्या दोघींचं पण शिक्षण तिथंच थांबंल."

"तिनं चूक लिहिलेलं नाही, चांदपाशा."

"मग शून्य कशाला?"

ते विचारायला मी वहिदाला घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले. बरोबर कादंबरीही घेतली.

आप्पासाहेबांनी चष्मा सारखा केला. "या, रसायनवाल्या. आमच्या थोरलीला परीक्षानळीत घातलंत म्हणे."

"नळी फुटली नाही," मी म्हणाले.

"बाई, निजामाच्या अमलात वरच्या वर्गांत मराठी नव्हती. तेव्हा ही कादंबरी मी घरी ओसरीवर पोरांना वाचून दाखवायचो. थोरली किल्ल्या ठेवून गप्प बसली, की रडणारी माणसं पाहिलीत मी. आणि ही पोरगी तिला चोर ठरवते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. पेपर वहिदाचा होता.

"चोर नाय लिहिलं, सर," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. तिनं कादंबरीतलं पान काढून त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. धाकटा दीर जुडगा चाळतो आणि म्हणतो, 'कोठाराची दिसत नाही.' कुणी उत्तर देत नाय. मग दुष्काळात दीर शहरात असतो. थोरली सकाळी उठते, कोठार उघडते. कुलूप तोडत नाय, कुणाला मागत नाय. म्हणजे किल्ली तिच्याकडंच होती."

आप्पासाहेबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी तिच्या पेपरवर बोट टेकवलं. "आणि हे? 'दुष्काळ येणार हे तिला ठाऊक होतं.' हे कुठं आहे? दाखव."

वहिदानं पानं उलटली. पुन्हा मागं आली. मला तिची काळजी वाटली नाही, कारण ती माझ्याकडं पाहत नव्हती, पुस्तकात पाहत होती.

"नाय," ती शेवटी म्हणाली. "ते माझ्या मनातलं आहे, पुस्तकातलं नाय. सर, ते काटा."

"मग किल्ली ठेवली कशासाठी?"

"ते लिहिलेलं नाय. ठेवली, एवढंच कळतं."

"बरं. मग ती गप्प का बसली, ते सांग. तिथं लोक रडायचे."

"दिरानं किल्ली नाय दिसत म्हटलं ना, सर. ती बोलली असती तर खोटं बोलावं लागलं असतं. किल्ली ठेवली, पण खोटं नाय बोलली."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेच पान परत वाचलं.

"हे दिराचं वाक्य मी कधी मोठ्यानं वाचलंच नाही," ते माझ्याकडं वळून म्हणाले. "इथवर आलो की समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी पान उलटायचो."

त्यांनी पेन्सिल उचलली. दुष्काळाचं वाक्य खोडलं, शेरा खोडला, शून्य खोडलं. नवे गुण सढळ नव्हते, पण पास होण्यापुरते होते.

"आता माझं ऐक, पोरी," ते म्हणाले. "बोर्डाचा परीक्षक माझ्यासारखाच कुणीतरी असणार. त्याच्यापुढं पुस्तक धरायला तू तिथं नसशील. गाइडातलं लिही. गुण पक्के."

सल्ला कळकळीचा होता आणि व्यवहाराला धरूनही. वहिदानं आता माझ्याकडं पाहिलं.

"डावीकडची बाजू पूर्ण असली तर उजवीकडची टिकते," मी म्हणाले. "पण पेपर तुझा. तू ठरव."

ती आप्पासाहेबांकडं वळली. "प्रकरणाचं नाव लिहीन, सर. दिराचं वाक्य जसंच्या तसं लिहीन. मग ते पुस्तक उघडून बघतील."

"नाही बघितलं तर?"

"तर त्यांचं चुकंल."

आप्पासाहेब हसले. खोलीतल्या बाकीच्यांनीही माना वर केल्या.

"जा, मनकर्णाबाईंकडून फॉर्म घे," ते म्हणाले. "आणि ते वाक्य पाठ करताना एक शब्द इकडचा तिकडं करू नकोस. नाहीतर बाईंनी तुझी बाजू घेतली तरी मी परत शून्य देईन."

वहिदा पुस्तक तिथंच ठेवून बाहेर पळाली. व्हरांड्यात चांदपाशांचा आवाज आला, "क्या बोले?" तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. आप्पासाहेब पुस्तक पुढं ओढून, ओळीखाली बोट ठेवून, पहिल्या प्रकरणापासून वाचायला लागले होते.