मरियाबाईंच्या अंगणातला काळा ऊस

मी एक म्हातारा काळा ऊस आहे, मित्रांनो, पण शेतातला नव्हे, अंगणातला! काष्टीच्या मरियाबाईंच्या दारात माझं बेट आहे. त्यांचे यजमान आमोसगुरुजी यांनी नऊ वर्षांपूर्वी माझी एक कांडी इथं पुरली. गुरुजी आता नाहीत. पण वाऱ्यानं माझी पानं सळसळली की वाटतं, ते अजून कट्ट्यावर पुस्तकाची पानं उलटत बसलेत.

दर वर्षी तुळशीच्या लग्नाला शेजारच्या छबूबाई कुंपणापाशी येतात. "मरियाबाई, मांडवाला दोन ऊस द्या की वो!" केवढा मान माझा!

गेल्या वर्षी बाईंच्या मुलानं, जोएलदादांनी, नर्सरीतून शोभेची गवतं आणली. एकाला पांढरे तुरे, दुसरं तांबूस. आमचंच गणगोत ते, ऊसही गवतच की! दिवसभर डुलायचं, अन् मीही त्यांच्यासोबत पेंगायचो. अशातच एका सकाळी दादा ऊसतोडीच्या भिमाजींना म्हणाले, "हे जुनं बेट मुळासकट काढा. इथं अजून गवत लावायचंय."

मरियाबाई दारातच होत्या. त्यांनी नुसता डोळ्यांना पदर लावला.

भिमाजींनी जमिनीलगत कोयता चालवला, मांडवासाठी दोन ऊस छबूबाईंना दिले. पण चाळीस वर्षांची सवय हो! कुदळ घ्यायची सोडून त्यांनी बुडखे छाटले, वर वाळक्या पानांचं पाचट पसरलं, पाणी सोडलं आणि तंबाखू मळत निघून गेले. शेतात ऊस पुन्हा फुटावा म्हणून करतात, अगदी तसंच.

पाचटाखाली गार, अंधारं होतं. मी गाढ झोपलो. स्वप्नभर पानं सळसळत होती.

तीन आठवड्यांनी गवत लावायला दादांनी पाचट सारलं, तर खाली गुलाबी कोंब! त्यांनी भिमाजींना बोलावलं.

"चुकलंच की," भिमाजी ओशाळले. "हाताला उपटायची सवयच न्हाई. आता काढतो." त्यांनी कुदळ उचलली.

"थांबा!" मरियाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या हातचा ऊस आहे तो."

"आई, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

दादांनी भिमाजींच्या हातातली कुदळ काढून घेतली. गवत त्यांनी कुंपणाकडेला लावलं.

मित्रांनो, अंगणातलं काही उपटण्याआधी घरात एकदा विचारत जा. ते कुणीतरी जपलेलं असतं.

आज छबूबाई पुन्हा कुंपणापाशी आल्यात. यंदा कोयता जोएलदादांच्या हातात आहे. माझ्याजवळ येऊन ते थांबले, वळले आणि म्हणाले, "आई, कुठले दोन तोडू?"